फुकटात तीनच

दोन वर्षांची लेक पूर्वा झोपली की तनया परचुरेला दोन कामं एकदम करायची असत. लॅपटॉप उघडायचा आणि पूर्वाचा श्वास चालू आहे ना ते बघायचं. त्या दुपारी दोन्ही करून झाली. श्वास चालू होता. अडला होता तो लॅपटॉप.

"एक झाली, दोन झाली, तीन झाली," ती स्वतःशीच पुटपुटली. "चार काही होत नाही."

"काय होत नाही?" हॉलमधून प्रश्न आला. तिचे सासरे बाळासाहेब एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे कान मात्र अजून नोकरीत होते.

"चार, बाबा."

"वाजायला अवकाश आहे अजून. चहा आत्ता टाकू नकोस."

"वाजायचे नाही हो! चार नंबरची प्रोसिजर!"

पूर्वा आल्यापासूनचं तनयाचं हे पहिलं स्वतःचं काम होतं. जुन्या ऑफिसनं 'तुमची खुर्ची तुमचीच आहे' असं फार प्रेमानं सांगितलं होतं आणि सहा महिन्यांत त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवलं होतं. त्यानंतर बुधवार पेठेतल्या बेकरीचे मन्सूरभाई भेटले. बेकरीच्या पाटीवरचं 'खारि' बाळासाहेबांनी कधीकाळी 'खारी' करून घेतलं होतं, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. मन्सूरभाईंच्या रोज चार फेऱ्या निघत. पहिली पेठांत, दुसरी कोथरूडला, तिसरी इकडे वारज्याला आणि चौथी, सगळ्यांत मोठी, लोणी काळभोरच्या कॉलेजांच्या मेसना. कुठल्या टेम्पोत किती पाव, किती खारी, किती नानकटाई हा हिशेब आजवर त्यांचा पुतण्या शहाबाज तोंडीच करायचा.

"ताई," मन्सूरभाई सकाळी फोनवर म्हणाले होते, "आज संध्याकाळच्या चारही फेऱ्या तुमच्या कॉम्प्युटरवरून निघाल्या, तर वर्षभराचं काम तुमचं. नाही निघाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. शहाबाज आहेच."

शहाबाज आहेच! हे दोन शब्द तनयाच्या कानात सकाळपासून डासासारखे फिरत होते.

तर तिला मन्सूरभाईंच्या डेटाबेसमध्ये चार प्रोसिजर बसवायच्या होत्या. प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या पोटात ठेवून दिलेली कामाची रीत. नावानं हाक मारली की ती उठते आणि त्या फेरीचा माल मोजून देते. ती आधी माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहायची आणि मग कंपायलर नावाच्या दुभाष्याकडून मशिनच्या भाषेत करून घ्यायची. असे दुभाषे विकत मिळतात. एक जगभरच्या लोकांनी मिळून केलेला फुकटही मिळतो. तनयानं फुकट घेतला, कारण तो उत्तम होता. हे तिनं बाळासाहेबांना नीट समजावून सांगितलं होतं, पण त्यांच्या डोक्यात त्यातलं फक्त 'फुकट' शिरलं होतं.

बेकरीतली माणसं फेऱ्यांना नंबरानंच ओळखत, म्हणून प्रोसिजरची नावंही तिनं तशीच ठेवली होती. अक्षरं इंग्रजी, पण शब्द मराठी: एक, दोन, तीन, चार. आपल्या या मराठी बाण्याचं तिला मनातून जरा कौतुकही वाटलं होतं.

बाळासाहेब चष्मा कपाळावर चढवून तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"फुकटच आहे ना हे?"

"हो."

"मग तीनच देणार. चौथ्याला पैसे."

"बाबा, तसं काही नसतं हो."

"कसं नसतं? मिसळीच्या दुकानात रस्सा दोनदा फुकट देतात. तिसऱ्यांदा मागितला की तो तोंडाकडे बघतो. हा तर परदेशी माणूस. त्यानं तीनदा दिला हेच पुष्कळ."

तनयानं पडद्याकडे मान वळवली. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ होती: 'एक्स्पेक्टेड एक्स्प्रेशन बिफोर चार', म्हणजे चारच्या आधी काहीतरी हवं होतं. तिनं ती पुन्हा वाचली, पूर्वाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि शाइस्ताला फोन लावला. शाइस्ता तिची कॉलेजची मैत्रीण; वर्गात पहिली यायची.

"वाच बघू," शाइस्ता म्हणाली. तिच्यामागे बराच गोंगाट होता.

"एक्स्पेक्टेड एक्स्प्रेशन बिफोर चार."

"बिफोर चार? अगं मग सोपं आहे. चारच्या आधी काय?"

"तीन."

"मग तीनमध्ये गडबड आहे. मशीन ओरडून सांगतंय आणि तू चार धरून बसलीस!"

"पण तीन तर कंपाइल झाली, शाइस्ता."

"ऊपर से झाली असेल. आतून बघ. हे बघ, मी आता मॅनेजर आहे, मी पाच वर्षांत कोड बघितलेला नाही. पण लॉजिक लॉजिक असतं. चल, मीटिंग आहे."

लॉजिकमध्ये खोट काढायला जागा नव्हती. तनयानं तीन नंबरची प्रोसिजर उघडली. धडधाकट माणसाला दवाखान्यात नेलं की काहीतरी निघतंच, तसं तिलाही काहीतरी निघाल्यासारखं वाटलं. तिनं एक ओळ वर घेतली, एक खाली नेली, एक कंस काढला, दोन घातले. पुन्हा कंपाइल केलं.

आता तीनही होईना.

नेमका तेव्हाच मन्सूरभाईंचा फोन आला.

"ताई, परचुरे साहेबांचा फोन होता आत्ता. म्हणाले, फुकटात तीनच येतात. काही हरकत नाही. मी तिसरी आणि चौथी एक करतो. वारज्याचा टेम्पो जरा लांब जाईल, इतकंच."

वारज्याहून लोणी काळभोर म्हणजे अख्खं शहर आडवं कापत जाणं. तनयानं चमकून हॉलकडे पाहिलं. बाळासाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.

"नको नको, मन्सूरभाई! काही एक करू नका. आत्ता तर दोनच चालू आहेत."

पलीकडे मन्सूरभाई हिशेबाला लागले.

"मघाशी तीन होत्या ना?"

"हो."

"म्हणजे जसजसा वेळ जाईल तशा कमी होतात का? मग लवकर पैसे भरून टाका, ताई. मी देतो. एक पण राहिली नाही तर आम्ही काय करायचं? चौथ्या फेरीचा ड्रायव्हर गेनबा टेम्पो धुऊन उभा आहे."

"पैशाचा प्रश्नच नाही हो..."

"तुम्ही संकोच करू नका. मी परचुरे साहेबांशी बोलतो." फोन ठेवला गेला, आणि लगेच हॉलमधला वाजला.

पुढचा अर्धा तास बाळासाहेब आपल्या मोबाइलवर त्या कंपायलरच्या पानावर पैसे भरायची जागा शोधत होते. तनया इकडे तीनमधले कंस मोजत होती. पूर्वानं झोपेत कूस बदलली तेव्हा दोघंही श्वास रोखून थांबले. ती उठली असती तर संध्याकाळच्या फेऱ्यांत आणखी एक फेरी वाढली असती, आणि ती कडेवर निघाली असती.

"काय लोक आहेत!" बाळासाहेब कुजबुजत करवादले. "किंमत कुठेच लिहिलेली नाही. दर विचारायला फोन नंबर नाही. फक्त एका कोपऱ्यात देणगी द्या असं आहे."

"असतं तसं, बाबा."

"म्हणजे हे देवस्थान आहे! आधी सांगायचं नाही का? देवस्थानाकडे चौथ्याचे पैसे भरणार कसे? मी त्यांना पत्रच लिहितो."

"बाबा, प्लीज. त्यांचं काही चुकलेलं नाही."

"चुकलेलं नाही तर चार कुठे आहे?"

तनयानं पुन्हा कंस मोजायला घेतले. तिला रडू येईल असं वाटायला लागलं. जुन्या ऑफिसात ती दिवसाला वीस वीस प्रोसिजर लिहायची, आणि आज एका बेकरीच्या पावाच्या चार फेऱ्या जमत नाहीत? दोन वर्षांत सगळं पुसून गेलं असेल का? पूर्वाच्या लसी, पूर्वाचं वजन, पूर्वानं नाकात घातलेला वाटाणा हे सगळं मेंदूत बसवताना तिथलं जुनं सामान कुणी न विचारता बाहेर काढून ठेवलं असेल का?

बाळासाहेब एका बोटानं इंग्रजी पत्र टाइप करत होते. दर शब्दाला मागे जाऊन तपासत होते. शेवटी त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

"वाच. भाषा सौम्य ठेवली आहे."

पत्रात लिहिलं होतं की आपल्या यंत्रात एक, दोन व तीन होतात परंतु चार होत नाही, याचा खुलासा व्हावा. चारही नावं त्यांनी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच ठेवली होती. तनयाची नजर एका शब्दावर थांबली.

"बाबा, इथं चारमध्ये दोन 'ए' घातलेत तुम्ही."

"मग किती घालायचे?"

"मी एकच घातलाय. सी, एच, ए, आर."

बाळासाहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि तिच्या पडद्याकडे वाकून बघितलं. एखाद्या लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीचंच नाव चुकलेलं दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"हा चार आहे? हा चर आहे! च, र, चर. पाणी जायला खणतात तो. दुपारपासून तू चरात पडली आहेस आणि शोधते आहेस चार!"

"अहो, नुसतं नाव आहे ते. मशिनला काय त्याचं, एक 'ए' असला काय आणि..."

तनया बोलता बोलता थांबली.

सी, एच, ए, आर.

हा शब्द तिला पहिल्या सेमिस्टरपासून माहीत होता. तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे. बसमध्ये काही बाकांवर 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेलं असतं, तसे त्या सांकेतिक भाषेनं काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात, आणि सी-एच-ए-आर त्यातला अगदी पुढच्या बाकावरचा. त्याचा अर्थ अक्षर ठेवायची जागा. आकड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे कुठल्याही नवख्या पोराला कळतं. पण गेली दोन वर्षं जिना चढताना, उतरताना, वरणभाताचे घास भरवताना तनया दिवसातून शंभर वेळा एक, दोन, तीन, चार म्हणत होती. सी-एच-ए-आर दिसलं की तिचे डोळे सरळ 'चार' वाचत होते. कंपायलर बिचारा दुपारपासून सांगत होता की बाई, ही सीट राखीव आहे, आणि ती त्याला पुन्हा पुन्हा तिथंच बसवत होती.

"काय झालं?" बाळासाहेबांनी घाबरून विचारलं.

तिनं आणखी एक 'ए' घातला. तीनमधली आपली सगळी शस्त्रक्रिया उलटी फिरवली. कंपाइल केलं.

एक झाली. दोन झाली. तीन झाली. चार झाली.

पडद्यावर लाल अक्षर एकही नव्हतं. बेकरीत चारही फेऱ्यांचे कागद छापून निघाल्याचा निरोप फोटोसकट तिच्या मोबाइलवर आला. मागोमाग गेनबाच्या टेम्पोचा पाठमोरा फोटो आला, लोणी काळभोरच्या पावांच्या ट्रेंनी गच्च भरलेला. तनयाला एवढं हलकं वाटलं की पूर्वाला उठवून कडेवर घ्यावं असं वाटलं. अर्थात झोपलेलं मूल उठवण्याइतकी ती बेभान झालेली नव्हती.

संध्याकाळी मन्सूरभाईंचा फोन आला. तनयानं ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. काम मिळालं तर खऱ्यावर मिळू दे.

"मन्सूरभाई, ते फुकटातलं तीनचं काही नव्हतं. कंपायलर चोख आहे. चूक माझीच होती, फार साधी..."

"ताई, थांबा. मला परचुरे साहेबांनी सगळं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"म्हणाले, सगळ्या जगातले इंजिनियर जे मशीन वापरतात ते आज अडून बसलं होतं. कुणाला विचारायची सोय नव्हती. आमच्या सुनेनं एकटीनं, मूल सांभाळून, ते सरळ केलं. असा माणूस शोधून मिळायचा नाही, म्हणाले."

"अहो पण ते खरं नाहीये. म्हणजे पूर्ण खरं नाही."

"ताई," मन्सूरभाई शांतपणे म्हणाले, "माझं सगळं आयुष्य पेठेत पाव विकण्यात गेलं. इथं सासऱ्यानं सुनेचं कौतुक केलेलं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्यापुढं मशीन काय घेऊन बसलात! वर्षाचं काम तुमचं. शहाबाजला मी काउंटरवर बसवतो."

तनया हॉलमध्ये आली. बाळासाहेब उठलेल्या पूर्वाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि पूर्वा त्यांचा चष्मा चाटत होती.

"काम मिळालं, बाबा."

"मिळायलाच हवं होतं."

"तुम्ही मन्सूरभाईंना काय काय सांगितलंत?"

"मी?" बाळासाहेबांनी चष्मा काढून घेतला, धोतराला पुसला आणि तिच्याकडे न बघता डोळ्यांवर चढवला. "विशेष काही नाही. सकाळच्या आमटीत मीठ कमी होतं, ते तेवढं सांगायचं राहिलं."