विकतच्या देवी

शेजारच्या नफ्ता गावात देवीची साथ आल्याची बातमी तोझरच्या बाजारात येऊन थडकली, तेव्हा जाझिया एका उंटवाल्याशी मिठाच्या भावावरून भांडत होती. बातमी ऐकली आणि तिने उंटवाला मागत होता तेवढे पैसे मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवले. तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिला. जाझियाने पहिल्या बोलीला माल उचलल्याचं अख्ख्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"लमीनला देवी टोचून घ्यायच्या," घरात पाऊल टाकताच तिने नवऱ्याला सांगितलं. "आजच."

बेलकासेम भला माणूस होता, म्हणजे बायकोसमोर फार बोलत नसे. तरी तो चाचरत म्हणाला, "अगं, धडधाकट पोराला दुखणं विकत कशाला घ्यायचं?"

"फुकटचं दुखणं जीव घेतं म्हणून!"

जाझियाचे दोन भाऊ लहानपणी देवीनेच गेले होते. ती वाचली, पण चेहऱ्यावर खड्डे राहिले. लमीन तिचा एकुलता एक. त्याला हात लावायच्या आधी देवीला आपल्याशी झुंजावं लागेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

गावची रीत जुनी होती. ज्या मुलाला हलक्या हाताने देवी येऊन गेल्या, त्याच्याकडून फोडाची खपली विकत घ्यायची. मग गावची टोचणारी म्हातारी, खाला तुर्किया, खजुराच्या काट्याने ती घेणाऱ्याच्या मुलाच्या अंगठ्याशेजारी टोचायची. चार दिवस ताप, थोड्या पुटकुळ्या, की झालं. "अंगाला एकदा चोराचं तोंड दाखवून ठेवायचं," म्हातारी म्हणे, "अंग ते विसरत नाही." अटी दोनच. भाव आजारी मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आणि सौदा संपताना ते मूल खूश असलं पाहिजे. नाहीतर माल नासतो.

आता पंचाईत अशी, की त्या घडीला गावात हलक्या देवी आलेला मुलगा एकच होता, आणि तो मबारकाचा हमदा होता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून मबारका आणि जाझिया एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. जाझियाने ओढणी सावरली, खजुराची टोपली डोक्यावर घेतली आणि नवरा, मुलगा व खाला तुर्कियासह मबारकाचं दार ठोठावलं.

हमदा अंथरुणावर बसून होता. फोड सुकत आलेले, पोर आजारी कमी आणि लाडावलेलं जास्त.

"बोल बाळा," जाझिया शक्य तितकं गोड बोलली, "एवढ्या टोपलीचे किती फोड देशील?"

"एक."

"एवढ्याला एकच? तीन दे."

"आमच्याकडे मापात घोळ नसतो," मबारका भिंतीकडे बघत म्हणाली. "दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आम्ही नाही वळवत."

जाझियाने तो टोमणा गिळला. पण सवय कुठे जाते? तिने फोड वाकून बघितला आणि तोंडातून निघालंच, "आणि हा तर वाळका! ताज्याचा भाव लावतोस आणि वाळलेला देतोस होय रे?"

हमदाचा ओठ थरथरला आणि त्याने जो भोंगा पसरला, तो पार मशिदीपर्यंत गेला.

खाला तुर्कियाने कपाळावर हात मारला. "तू माल घ्यायला आलीस की माणूस रडवायला? आता हा हसल्याशिवाय मी काटा हातात धरणार नाही."

मग सुरू झाली मनधरणी. आधी रव्याच्या वड्या आल्या. हमदाने खाल्ल्या आणि पुन्हा रडायला लागला. मग त्याने जाझियाचा लाल कोंबडा मागितला. कोंबडा आला. रडणं जरा कमी झालं.

"आता उंट पाहिजे," हमदा हुंदके देत म्हणाला.

"उंट?" जाझिया किंचाळली.

"बसायला. थोडा वेळच."

जाझियाकडे उंट नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी?" बेलकासेम दोन पावलं मागे सरला. "अगं, माणसं काय म्हणतील?"

"पोरगा वाचला म्हणतील. वाका."

"अंगणातल्या अंगणात तरी..."

"गल्लीतून," गिऱ्हाइकाला ओळखून असलेला हमदा म्हणाला. "आणि उंटासारखं ओरडायचं."

त्या दुपारी बेलकासेम गुडघे सोलत विहिरीपर्यंत जाऊन आला. कॉफीच्या दुकानातले लोक पेले हातात घेऊन बाहेर आले, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, पण ओरडणं थांबवलं नाही. हमदा खो खो हसला. खालाने लगेच लमीनचा उजवा हात धरला आणि काटा टोचला.

त्यानंतर जाझिया तापाची वाट बघत बसली. येता-जाता ती लमीनच्या कपाळाला हात लावी. कपाळ थंडगार! पोरगा दुप्पट जेवत होता आणि माडावर चढत होता. हातावरचं टोचलेलं साधं सुजलंसुद्धा नाही, भरून आलं. आणि साथ गावाच्या वेशीवर येऊन ठेपली. तशी जाझिया मबारकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माल खोटा दिलास!"

"खोटा?" मबारका पदर खोचून बाहेर आली. "माझ्या पोराच्या देवी खोट्या? अगं, असल्या अस्सल देवी तुझ्या सात पिढ्यांनी पाहिल्या नसतील!"

"मग उगवल्या का नाहीत?"

"जमीनच नापीक असेल!"

गल्ली भरली. खाला तुर्किया गर्दीतून वाट काढत आली, तिने लमीनचा हात निरखला, आणि म्हणाली, "दुसरा दाखव बघू."

लमीनने डावा हात मागे लपवला. तिने तो ओढून पुढे घेतला. अंगठ्याशेजारी ताजा, गोल व्रण होता.

"हे कधीचं रे?"

"बाबांबरोबर खजूर तोडायला मळ्यात राहायला गेलो, त्याच्या आधीचं," लमीन पुटपुटला. "हमदा आणि मी बाजार-बाजार खेळत होतो. मी फोड विकत घेतला. काटा पण आम्हीच टोचला."

बेलकासेमने घसा खाकरला. "मळ्यात त्याला ताप होता खरा. चार पुटकुळ्याही आल्या होत्या. मला वाटलं, डास. तू ओरडशील म्हणून..."

"आणि तू रे?" जाझिया मुलावर धावली. "मी दारोदार नाक घासत होते, तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"सांगणार होतो," लमीन म्हणाला. "पण तेवढ्यात बाबा उंट होणार होते."

खाला तुर्किया हसली. "अगं, याच्या अंगाला चोर आधीच ठाऊक झालाय. म्हणून दुसऱ्या खेपेला दारातूनच हाकलला त्याला. आता साथ येऊ दे नाहीतर जाऊ दे, तुझं पोर सुटलं."

जाझिया मबारकाच्याच उंबऱ्यावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. तिला रडताना गल्लीने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते कोणालाच सुचेना. शेवटी मबारकाच पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पाणी पिऊन जाझियाने नाक पुसलं आणि लमीनला जवळ ओढलं.

"हमदाला किती दिलेस रे त्या फोडाचे?"

"मूठभर बदाम."

"आणि त्याने मागितले किती होते?"

"चार मुठी."

जाझियाने मान वर करून मबारकाकडे पाहिलं. कित्येक वर्षांनी, थेट डोळ्यांत.

"ऐकलंस ना?" ती ऐटीत म्हणाली.