धुळ्याला पडलं असेल

देवरेआबा हाक मारायचे, आणि आपण "ओ" दिली की म्हणायचे, "काही नाही. चालू द्या."

ही हाक कुणालाही, कधीही यायची. मी सरकीच्या साठ्याची बेरीज करत असायचो, चित्त सगळं आकड्यात. मागून आवाज यायचा, "चौधरी!" मी दचकून "ओ, आबा!" म्हणायचो. "काही नाही. चालू द्या." बेरीज गेली. मग पितांबरची पाळी. पितांबर म्हणजे आमचा शिपाई. तो चहाच्या कपबशा विसळत असायचा. "पितांबर!" "ओ!" "काही नाही."

मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, आबा आपल्यावर नजर ठेवतात. मी नशिराबादचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते, त्यामुळे नोकरी जाईल या भीतीने मी पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. शेवटी धीर करून विचारलं, "आबा, माझं काही चुकतंय का?"

"नाही रे बाबा. याला पिंग म्हणतात."

"काय म्हणतात?"

"पिंग. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला नुसती हाक मारायची. काम काही नाही. त्याने ओ दिली की समजायचं, तो जागेवर आहे, जिवंत आहे, आणि मधला रस्ता चालू आहे. यापेक्षा जास्त माणसाला माणसाबद्दल काय कळायला पाहिजे?"

ही नव्वदनंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. आमच्या तेलमिलचं मुख्य ऑफिस जळगावला आणि गोदाम धुळ्याला. शेठजींनी हौसेने जळगावच्या ऑफिसात कॉम्प्युटर घेतले आणि ते एकाच काळ्या तारेने एकमेकांना जोडून घेतले. ती तार सांभाळायला आबांना नेमलं. आबा आधी कुठेतरी वायरलेसवर नोकरीला होते. नेटवर्कची जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांनी एकट्याने वाचली होती आणि वाचताना प्रत्येक पान खानदेशात आणून सोडलं होतं.

मला डेटाची पाकिटं कशी जातात ते त्यांनी वऱ्हाडावरून शिकवलं. "समज, वऱ्हाड जळगावहून धुळ्याला निघालंय. सगळं वऱ्हाड एका गाडीत मावत नाही. म्हणून काही माणसं एसटीने, काही ट्रकने, काही एरंडोलवरून, काही धरणगाव-अमळनेर करत. प्रत्येकाच्या खिशात मांडवाचा पत्ता. कोण आधी पोहोचेल, सांगता येत नाही. करवली आधी आणि नवरदेव नंतर, असंही होतं. मांडवाच्या दारात एक माणूस उभा करायचा. त्याने सगळ्यांना ओळीने बसवायचं आणि उलटा निरोप धाडायचा, की मामा आले नाहीत, मामा परत पाठवा."

"पण आबा, मामा तर निघालेत. परत कसे पाठवणार?"

आबांचा चेहरा खुलला. "इथेच वऱ्हाड कमी पडतं! डेटाच्या मामाची नक्कल आपल्याजवळ असते. म्हणून डेटा बरा, चौधरी. माणूस वाटेत पडला, तर दुसरा पाठवता येत नाही."

वाटेत हरवलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचं एकच वाक्य होतं, "धुळ्याला पडलं असेल." फाइल छापायला पाठवली आणि प्रिंटरने काही छापलं नाही, की "धुळ्याला पडली असेल." प्रिंटर हाताच्या अंतरावर. पितांबरने चहा सांगितला आणि टपरीवाल्याने आणला नाही, तरी "धुळ्याला पडला असेल." मुंबईहून यायची मनिऑर्डरसुद्धा धुळ्यालाच पडायची. आम्ही हसायचो. धुळ्याच्या गोदामातला कारकून तर एकदा फोनवर चिडला, "आबा, आमच्या गावाने तुमचं काय वाकडं केलंय हो?" आबा नुसतं "काही नाही" म्हणाले.

त्यांचं फोनवर बोलणं ऐकण्यासारखं असे. "हॅलो, मी बोलतोय, ऐकू येतंय?" पलीकडून "येतंय." "माझं तुम्हाला येतंय, हे मला कळलं. आता बोलू?" "बोला की!" मग प्रत्येक वाक्यानंतर, "पोहोचलं?" मीटरवर एसटीडीचा लाल आकडा पळत असायचा आणि शेठजी केबिनमधून ओरडायचे, "आबा, पोहोचलं हो, पोहोचलं! बिल माझ्याकडे पोहोचलं!"

दसऱ्याची गंमत सांगायलाच हवी. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. मिलमध्ये घाण्यापासून तराजूपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी पितांबरने कॉम्प्युटरही पुजले, पडद्यांना झेंडूच्या माळा घातल्या. सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, तर एकही कॉम्प्युटर दुसऱ्याला ओळख देईना.

आबांनी प्रत्येकाला पिंग केलं. कुणीच ओ देईना. आबांचा चेहरा उतरला, घरात कुणी दगावल्यासारखा. तारेच्या कडेकडेने रांगत ते भिंतीपर्यंत गेले आणि तिथूनच ओरडले, "बूच कुठंय?"

त्या काळी अशा तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं एकेक बूच असे. ते नसलं, की संदेश टोकाला आपटून माघारी फिरतात आणि सगळ्यांच्या बोलण्यात कालवाकालव करतात. दोन्ही बुचं गायब होती.

"मी काढले, आबा," पितांबर पुढे आला. "देव्हाऱ्यात ठेवलेत."

खरंच, लक्ष्मीच्या तसबिरीपुढे तबकात दोन्ही बुचं बसली होती. आंघोळ झालेली, आत दाबून कुंकू भरलेलं, वर अक्षता.

"का रे बाबा?"

"तुम्हीच सांगता ना, बठ्ठं नेटवर्क याच्यावर उभं शे. मंग त्या खोक्यांना माळा, आन ह्या बिचाऱ्यांना काहीच नाही?"

आम्हाला वाटलं, आता पितांबरची खैर नाही. आबांनी तबकाला हात जोडले. "भाव बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "पण हा देव जागेवरच पुजायचा." मग दिवसभर काडीला कापूस गुंडाळून ते बुचातलं कुंकू कोरत बसले. पुढे कित्येक दिवस नेटवर्क संथ चाललं, की शेठजी विचारायचे, "कुंकू राहिलं का हो आत?"

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याचं गोदाम टेलिफोनच्या तारेने आमच्या ऑफिसला जोडायचं ठरलं. मोडेम नावाची डबी आली. गोदामाच्या कॉम्प्युटरने दुपारी फोन लावायचा, आमच्या डबीने तो आपणहून उचलायचा, दोघांनी एकमेकांना शिट्ट्या मारून ओळख पटवायची आणि साठ्याचे आकडे पाठवायचे. शेठजींनी लोकांसाठी नवा नंबर घेतला. जुना नंबर डबीला दिला. "जुनी लाइन स्वच्छ आहे," असं आबांनीच सांगितलं होतं.

गोदामातली डबी बसवायला आबा मला घेऊन धुळ्याला गेले. काम आटोपून आम्ही स्टँडवर आलो. जळगावची गाडी लागायची होती. आबा चहाचा ग्लास घेऊन फलाटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इथे पडला होता, चौधरी."

"काय, आबा?"

"निरोप."

आबांचं गाव साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. थोरले भाऊ नाना शेती बघतात. आई आजारी पडली, तेव्हा गावात फोन नव्हता. नानांनी एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला. सगळेच देत. साक्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरने धुळ्याला जळगावच्या ड्रायव्हरला सांगायचं, त्याने ऑफिसात येऊन सांगायचं. एवढ्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी जळगावच्या गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता, की साक्रीची गाडी उशिरा लागली, कुणालाच कळलं नाही. निरोप धुळ्यापर्यंत आला, पुढे निघालाच नाही.

"मी घरी गेलो ते थेट दहाव्याला," आबा म्हणाले. "नाना म्हणाला, निरोप धाडला होता. मी म्हणालो, मिळाला नाही. दोघंही खरंच बोलत होतो. त्याला वाटलं, मी खोटं बोलतोय. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुन्हा पाठवतोय." आबांनी ग्लास खाली ठेवला. "गावात किराणा दुकानात आता फोन आलाय. मी लावतो. दुकानदार नानाला बोलावतो. नाना येतो, रिसीव्हर कानाला लावतो. श्वास ऐकू येतो, बोलत काही नाही. मग दुकानदाराला देतो. आधी मी रोज लावायचो. पण ओ आली नाही, तर घाई करून पुन्हा पाठवू नये, रस्ता तुंबतो. थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट करायचा. पुस्तकात तसंच आहे. म्हणून मग आठवड्याने लावला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. आता दोन महिने थांबायचं."

"आणि असं कुठपर्यंत?"

"पुस्तकात लिहिलंय, काही खेपांनंतर सोडून द्यावं." आबांनी चहाचे पैसे काढले. "पुस्तक लिहिणाऱ्याला थोरला भाऊ नसेल."

गाडी लागली. त्यानंतर "धुळ्याला पडलं असेल" या वाक्याला मला पूर्वीसारखं हसता आलं नाही.

मोडेम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत त्याला एक विचित्र खोड लागली. आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, जेवणाच्या सुमारास, फोन यायचा. डबी उचलायची, शिट्ट्या मारायची आणि पलीकडून शिट्टी न आल्याने बंद पडायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. धुळ्याचा कारकून शपथेवर सांगे, की मी लावलाच नाही.

आबा हैराण. "कोणीतरी हाक मारतंय, पण ओळख देत नाही." त्यांनी तार तपासली, डबी उघडून झटकली, टेलिफोन खात्यात जाऊन भांडून आले. पितांबरने गुपचूप डबीला लिंबू-मिरची बांधली, तीही सोडून टाकली.

मग एका दुपारी आबा जेवायला घरी गेले असताना तो फोन आला. डबीशेजारी त्याच तारेवरचं एक जुनं टेलिफोन यंत्र पडलेलं असे. डबी किंचाळायला लागली आणि मी सहज त्या यंत्राचा रिसीव्हर उचलला. शिट्ट्यांच्या गदारोळात एक म्हातारा जीव तोडून ओरडत होता, "वरडू नको रे! दगडू, का बरं वरडस रे? कितला राग शे तुले! मी नाना शे, नाना!"

मी "हॅलो, हॅलो" करेपर्यंत डबीने फोन आपटला.

आबा आले. मी म्हणालो, "आबा, तो फोन मशीनचा नाही, माणसाचा आहे. कुणीतरी दगडूला हाका मारत होतं. नाना म्हणून."

आबा खुर्चीवर बसले. ऑफिसात कुणालाच त्यांचं घरचं नाव माहीत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाले, "आज साक्रीचा बाजार."

मग सगळं जुळलं. जुना नंबर आबांनी कधीकाळी दुकानदाराजवळ सांगून ठेवला होता, नानाला लागला तर असावा म्हणून. नंबर बदलल्यावर नवाही कळवला होता आणि दुकानदाराकडून "पोहोचलं" वदवून घेतलं होतं. पण तो दुकानातच राहिला. नाना त्या दुकानातून फोन कसा करणार? अख्ख्या गावाला कळलं असतं, की नाना नमला. म्हणून ते बाजाराच्या दिवशी साक्रीत येऊन, अनोळखी पीसीओतून, पाठ केलेला जुना नंबर लावत होते. आणि दर बाजाराला धाकटा भाऊ फोन उचलून त्यांच्या कानात नुसता किंचाळत होता.

"पुढच्या बाजाराला लावतील ना?" मी विचारलं.

"इतकं ओरडल्यावर?" आबा म्हणाले. "मी असतो तर लावला नसता."

त्या आठवड्यात त्यांनी दुकानात फोन केला. नाना आलेच नाहीत, शेतात गेलेत म्हणे. पुढच्या बाजाराच्या दिवशी आबा डबा घेऊन आले. ज्या तारेला ते कुणाला बोट लावू देत नसत, तिची पिन त्यांनी स्वतः डबीतून उपटली. जुनं यंत्र मांडीजवळ घेऊन बसले. शेठजी आले. "आबा, धुळ्याचा साठा आला का?"

"धुळ्याला थांबू द्या आज."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मी पितांबरकडे पाहिलं. शेठजी केबिनमध्ये निघून गेले.

फोन वाजला. आबांनी झडप घातली. "ओ!" पलीकडून बारीक टूं, टूं. गोदामाचा कॉम्प्युटर वेळेआधीच हाक मारत होता. "तू नंतर," आबा त्याला म्हणाले आणि ठेवला.

जेवणाची वेळ झाली. डबा तसाच. पितांबर कपबशांचा आवाज न करता उभा होता.

पुन्हा वाजला. या वेळी आबांनी हळूच उचलला.

"ओ," ते म्हणाले. दुसरा कान हाताने झाकला. मग, "हा, मीच शे... नई, नई, ते मशीन वरडे, मी नई... ऐकू यी ऱ्हायनं, नाना. बोल." आम्ही त्यांना अहिराणीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. एकदाही त्यांनी "पोहोचलं का" विचारलं नाही. नुसते "हा", "हा" करत होते. फोन ठेवला, पिन पुन्हा डबीत खोचली, चष्मा पुसला.

मला राहवेना. "काय म्हणाले नाना?"

"काही नाही," आबा म्हणाले. "मध्यंतरी बरेच दिवस माझा फोन आला नाही, म्हणून हाक मारून पाहिली म्हणाला."

मग त्यांनी डबा उघडला. त्या दुपारी त्यांनी आम्हाला कुणालाच हाक मारली नाही. मी माझी बेरीज पहिल्यांदाच एका दमात पुरी केली, पण करमेना. पितांबर दोनदा दारातून डोकावून गेला. शेवटी त्यानेच आवाज दिला.

"आबा!"

"ओ!"

"काही नाही. चालू द्या."