मास्तरांच्या कपाटातला पुदिना

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. चाळीस वर्षं कात्री चालवली, आता घरी बसून बायकोचं ऐकतात. (ऐकतात सगळं, करतात ते वेगळंच.)

त्यांच्या लेकीला तिसरा महिना लागलेला. पोटात पाणी ठरेना. पुदिन्याच्या वासाने तेवढं बरं वाटायचं. म्हणून बायकोने कुंड्यांतला सगळा पुदिना खुडला आणि बहिणीकडे निघता निघता बजावलं, "अहो, उन्हात घालू नका, रंग जातो. अंधारात, कोरड्या जागी टांगा. वाळला की बरणीत भरा. रविवारी पोरगी न्यायला येणारे. एवढं तरी नीट करा!"

"टांगायचं मला शिकवतेस?" मास्तर म्हणाले.

अंधारी, कोरडी जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. जागा करायला त्यांनी आपला कोट काढून दारामागच्या खुंटीला लावला. हा कोट लेकीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः शिवलेला. (डावी बाही चार बोटं लांब झाली, म्हणून लग्नात घातलाच नाही.) जुड्या काजाच्या दोऱ्याने बांधून हँगरला ओळीने टांगल्या. कसर लागू नये म्हणून प्रत्येक जुडीला एकेक डांबरगोळी बांधली. शेवटच्या जुडीला गोळी उरली नाही. ती जुडी कोटाच्या खिशात खोचली आणि विसरून गेले.

रविवारी पानं कुरकुरीत! मास्तरांनी बरणी भरली, हुंगली. झकास. (डांबरगोळ्यांत जन्म गेलेलं नाक ते.)

मायलेकी एकदमच आल्या. लेकीने झाकण उघडलं आणि तोंडावर ओढणी धरून बेसिनकडे धावली.

"अहो, काय घातलंत यात?"

"कसर लागू नये म्हणून जरा..."

"पुदिन्याला? लोकरीचा आहे का तो?"

मास्तरांचा चेहरा पडला. पोरीचं एक काम, तेही धड झालं नाही.

लेक भिंत धरत परत आली, ती दाराशीच थबकली. कोटाच्या खिशात नाक खुपसून तिने लांब श्वास घेतला. "आई गं, किती बरं वाटतंय! बाबा, हा मी नेऊ?"

मास्तर फुलले. "ने की! बाही आत्ता नीट करून देतो."

"कोट नाही हो बाबा, खिसा. आतला चुरा तसाच ठेवून तोंड शिवून द्या. उशाशी ठेवीन."

मास्तर चष्मा लावून उसवायला बसले. अख्ख्या कोटात तेवढा एक खिसाच त्यांनी सरळ शिवला होता.