इनास अंकलचा काटा

इनास अंकल माझ्या दुकानात येतात ते खिशात वजनाचा काटा घेऊन. भाव विचारायच्या आधी वस्तू हुकाला अडकवतात, हात वर धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोठ्याने वाचतात, "दोनशे चाळीस." मग माझ्याकडे बघतात, जणू ते दोनशे चाळीस ग्रॅम मीच त्यात चोरून घातलेत.

झाडाखाली पंक्चर काढत सुरुवात केलेला मी माणूस. आज वसईत दोन शटरचं सायकलचं दुकान आहे, ते कोणाच्या मेहेरबानीने नाही. मालवाल्याशी भांडलो आहे, गिऱ्हाइकाशी भांडलो आहे, आणि भाव पाडून घेण्यात सहसा हरलेलो नाही. तेव्हा या म्हाताऱ्यावर माझा राग का आहे, ते आधी सांगतो.

एव्हरशाईन कॉम्प्लेक्समधला एक मुलगा नव्वद हजारांची सायकल घ्यायला आला होता. ऑफिसात बसून पोट सुटलेलं, पण हौस दांडगी. जुनीपेक्षा ही दोन किलोने हलकी, हे मी त्याला तासभर समजावलं होतं. त्याने पैसे भरायला मोबाईल बाहेर काढला, तेवढ्यात कोपऱ्यात काट्याला पेडल टांगून उभे असलेले अंकल बोलले.

"बाळा, कोणासाठी हलकी करतोस?"

"स्वतःसाठी, अंकल."

"मग पोटातले दोन काढ. ते फुकट निघतात."

मुलगा हसला, मोबाईल खिशात गेला. मी अंकलना जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते शांतपणे काट्याचा पट्टा गुंडाळत राहिले.

"कोणासाठी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. किंमत हल्ली कोणाला परवडत नाही, दर दोन-चार महिन्यांनी वर जाते. पूर्वी सायकल चालवायला सायकल पुरायची. आता हेल्मेट, चष्मा, गादीची चड्डी आणि चालताना टकटक वाजणारे, पण चालता न येणारे बूट लागतात. एवढे पैसे घालणं योग्य का, असं लोक मलाच विचारतात. मी दुकानदार, मी काय सांगणार? अंकल मात्र विचारतात, कोणासाठी. गिऱ्हाईक गोंधळतं आणि गोंधळलेलं गिऱ्हाईक विचार करून येतो म्हणून निघून जातं.

बरं, स्वतः हा माणूस काय करतो? भुईगावला त्यांची केळी-नारळाची वाडी आहे. सायकल म्हणाल तर लग्नाच्या वेळची, काळी, बावीस किलोंची. भंगारवाला उचलायला मजुरी मागेल अशी. आणि गेली चार वर्षं त्या सायकलला अंकल एकेक महागडा हलका भाग बसवून घेतायत. आधी हॅण्डल, मग रिम, मग पेडलचा क्रँक. काही म्हणता काही जुन्या सांगाड्यात बसत नाही, लेथवर जाऊन मापाचे बुश करून आणावे लागतात. खटपट माझी आणि घासाघीस त्यांची. अर्धा तास घसा कोरडा करून शेवटी ते म्हणतात, "शेठ, ग्रॅमला किती पडलं ते सांगा." सोनाराकडे तरी कोणी असं बोलत असेल का?

अंगाने म्हणाल तर काडी. पोटातले दोन किलो काढायचा सल्ला त्यांना देता येत नाही. पण सायकलच्या मागे लोखंडी कॅरिअर आहे, वर रेक्झिनची उशी शिवलेली. अडीच किलो. एकदा मी म्हटलं, "अंकल, हे काढा. ते पण फुकट निघतात."

चार वर्षांत तेव्हाच ते माझ्यावर चिडले. आवाज चढवला नाही. फक्त उशीवरची धूळ रुमालाने पुसली आणि महिनाभर आले नाहीत.

एका रविवारी सकाळी भुईगावच्या किनाऱ्याजवळ एका गिऱ्हाइकाची चेन तुटली, म्हणून मी तिकडे गेलो होतो. परतताना गल्लीतल्या नाल्यावरच्या मोरीच्या चढावर समोरून अंकल येताना दिसले. चर्चचे पांढरे कपडे, कपाळावर घाम, आणि कॅरिअरवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन गच्च भरलेल्या गोण्या. माझं डोकं फिरलं. माझ्या हाताने बसवलेल्या त्या रिमवर नारळ वाहतोय हा माणूस.

मी गाडी आडवी घातली. म्हटलं, टेम्पोला द्यायचे पैसे वाचवायला एवढा खर्च केलात? अंकल, ही सायकल हलकी केली तरी कोणासाठी?

ते उतरले. दम खाल्ला. चार वर्षांत त्यांचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

"मार्थासाठी," ते म्हणाले.

मार्था म्हणजे त्यांची बायको. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी कॅनडाला गेली. मग दुसरं बाळ झालं, मग मुलीला नोकरी लागली. त्याला चार वर्षं झाली. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना हा काटा आणला होता. बॅग दीड किलो जास्त भरत होती. मसाल्याची बाटली काढली, सुके बोंबील काढले, शेवटी अंकलचा फोटो काढला, कारण त्याची फ्रेम जड होती. ती गेली. फोटो आणि काटा इथे राहिले.

लग्नापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की दोघं डबलसीट किनाऱ्यावर जायची. "घरात ती फार बोलत नाही," अंकल म्हणाले. "मागे बसली की माझ्या पाठीशी बोलायची. सगळं. भांडायचं तेही पाठीशीच. आता फोनवर समोरासमोर तोंडं दिसतात, तर काय बोलावं ते दोघांनाही कळत नाही."

"आणि ह्या गोण्या?"

"बत्तीस किलो आणि बत्तीस, मिळून मार्था. काटा पन्नासच्या वर जात नाही, म्हणून दोन केल्या. गेली तेव्हा अठ्ठावन्न होती. तिकडे वाढते. जेवढी ती वाढते तेवढी सायकल उतरवतो. आली की बसवायची, पायांना फरक कळता कामा नये." मग मान खाली घालून म्हणाले, "कालच्या फोनवर सांगितलंन, थंडीत बाहेर पडता येत नाही, अजून दोन वाढले. शेठ, आता कुठून काढू?"

मी सायकलकडे बघितलं. नुसतं काढून टाकण्यासारखं एकच उरलं होतं, आणि त्याच्यावर उशी होती.

"तिकीट काढलं का त्यांनी?" मी विचारलं.

"नाताळला येते म्हणाली." ते पुन्हा सीटवर चढले. "गेल्या वर्षी पण नाताळच म्हणाली होती."

पुढच्या शनिवारी ते दुकानात आले. मी सीटखाली बसवायचा एक हलका दांडा आणून ठेवला होता. नेमका एव्हरशाईनचा तो मुलगाही आला, चार किलो उतरून, अंकलचे आभार मानायला. घ्यायचं काहीच नव्हतं. बाहेर उभी असलेली काळी सायकल बघून तो मोठ्या जाणकारासारखा म्हणाला, "अंकल, आधी ते मागचं लोखंड फेका ना."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, काही घ्यायचं असेल तर बोल, नाहीतर वाट मोकळी कर.

तो गेला. मग आम्ही रीतसर भांडलो. मी बत्तीसशे सांगितले, ते पंधराशेला अडले. मी टेबलावर हात आपटला, त्यांनी छत्री उचलून निघून जायचं नाटक केलं. अठराशेला मी हरलो. मला तो दांडा त्याहून महाग पडला होता, ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी घेतला नसता.

जुना दांडा त्यांनी काट्याला टांगला, मग नवा. चष्मा कपाळावर गेला. ओठ हलले.

"एकशे नव्वद ग्रॅम वाचले," ते म्हणाले. काट्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "अजून अठराशे दहा."