देवघरातला उत्प्रेरक

सोमवारी सकाळी मागच्या दारात नवऱ्याच्या चपला वाजल्या आणि नीलाबाईंनी हातातला स्टीलचा डबा समोर दिसली त्या फळीवर सरकवला. सरकवून बघतात तर फळी देवघराची. शिव शिव शिव! डब्यात अंडी होती.

म्हणजे तशी अंडी नव्हती, अंड्याची टरफलं होती. आता टरफलंही नव्हती म्हणा. धुऊन, वाळवून, कॉलेजच्या भट्टीत भाजून त्यांची पांढरीशुभ्र भुकटी झाली होती. पण उदगीरच्या ज्या घरात सोमवारी कांद्यालासुद्धा सुट्टी असते, त्या घरात असला हिशेब कोण ऐकून घेणार?

भुकटी होती लेकीची, सुकन्याची. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिनं प्रयोग घेतला होता. भजी तळून तळून काळं झालेलं तेल घ्यायचं, त्यात थोडं रसायन आणि ही भुकटी घालून तापवायचं, की त्याचं डिझेलसारखं इंधन तयार. नीलाबाईंच्या नवऱ्याचं, बसलिंगप्पांचं, स्वतःचं गोड्या तेलाचं दुकान. त्यामुळे लेकीच्या या प्रयोगावर ते बेहद्द खूश होते. "तेलात टाकतीस तरी काय?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "उत्प्रेरक, अप्पा," सुकन्या म्हणाली. हा शब्द त्यांना एखाद्या स्तोत्रातल्यासारखा वाटला आणि त्यांनी तो गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून गुळगुळीत केला.

नीलाबाईंनी मात्र अर्थ विचारला होता.

"अव्वा, उत्प्रेरक म्हंजे स्वतः हाय तसाच ऱ्हातो, पण दुसऱ्याला बदलायला लावतो."

"म्हंजे माझ्या सासूसारखा," नीलाबाई म्हणाल्या होत्या.

तेव्हा हसू आलं होतं. तो उत्प्रेरक कशाचा आहे हे कळलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण बसलिंगप्पा अंड्याचं नावसुद्धा घेत नसत, 'ते' म्हणत. वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं एकदा 'ते' उकडलं, तर त्याची गादी त्यांनी स्वतःच्या हातानं रस्त्यावर नेऊन ठेवली होती. सुकन्याला तर कॉलेजात घालतानाच बजावलं होतं, "काय बी शिक. पण या उंबऱ्याच्या आत 'ते' आलं, की त्या दिवशी शिक्षण बंद आन् निलंग्याचं स्थळ पक्कं." आणि आज आठच्या गाडीनं पोरगी हा डबा घेऊन नांदेडला जायची होती. परीक्षकांसमोर प्रयोग करून दाखवायचा, की झाली एमएस्सी. एवढी सकाळ कशीबशी निघाली, की गंगेत घोडं न्हालं.

"काय करायलीस गं?" बसलिंगप्पांनी दारातून विचारलं.

"कुठं काय? देवाला दिवा लावायले."

"दिवा तर लागलेला हाय की."

"वात सारायले."

बसलिंगप्पा 'बरं' म्हणून आंघोळीला गेले. नीलाबाईंनी फळीकडे हात नेला, तेवढ्यात शेजारच्या साखराबाई वाटी घेऊन हजर. त्यांना विरजण हवं होतं, निदान वाटी तरी तसं सांगत होती. साखराबाईंच्या डोळ्यांदेखत देवघरातून डबा काढणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. ही बाई डबा बघणार, झाकण उघडणार, वास घेणार आणि वर विचारणार, 'काय गं हे?' नीलाबाईंनी विरजण घातलं, चहा पाजला. साखराबाई आपल्या सुनेवर बोलत बसल्या. सुनेचं संपलं तेव्हा ओलेत्यानं बसलिंगप्पा आले आणि पाटावर बसले.

संपलं! पूजेला बसलेल्या बसलिंगप्पांशी बोलायची सोय नव्हती. घर पेटलं तरी ते आधी मंत्र संपवणार आणि मग 'आग, आग' म्हणणार. नीलाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. देवा, विभूतीच्या जुन्याच वाटीत हात घालू दे रे यांना!

बसलिंगप्पांची नजर नव्या डब्यावर गेली. त्यांनी झाकण काढलं. आत मैद्यासारखी मऊ, पांढरी भुकटी. बायकोनं न सांगता नवी विभूती आणली, हे बघून त्यांना भरून आलं. त्यांनी तीन बोटं तांब्यात बुडवली, डब्यात टेकवली आणि कपाळावर झोकात तीन पट्टे ओढले.

'अव्वा, ते चुन्यासारखं असतंय. पाणी लागलं की चटका बसतोय,' असं सुकन्यानं बजावलेलं नीलाबाईंना नेमकं तेव्हा आठवलं.

बसलिंगप्पांचा मंत्र चढू लागला. भुवया कपाळात गेल्या, डोळे घट्ट मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटच्या ओळी तर त्यांनी एका दमात उरकल्या.

"काय तल्लीन झालेत बगा अप्पा!" साखराबाईंनी हात जोडले. "आन् कपाळावर तेज कसलं आलंय! लालबुंद!"

"विभूती लई कडक हाय," दात आवळून बसलिंगप्पा म्हणाले. "कुठून आणलीस गं?"

"मला बी द्या की चिमूटभर," साखराबाईंनी तळहात पुढं केला. "सुनेला लावते."

बसलिंगप्पांनी डबा उचलला, आणि तेवढ्यात बॅग घेऊन सुकन्या खोलीतून बाहेर आली. तिनं डबा बघितला, बापाचं कपाळ बघितलं.

"अप्पा! माझा उत्प्रेरक!"

"हा उत्प्रेरक हाय? मग देवघरात कसा? आन् हाय तरी कशाचा?"

साखराबाईंनी पदर सावरून ऐसपैस बैठक मारली. नीलाबाई तरी काय करणार, मरता क्या न करता!

"साखराबाई, तुमच्याकडनं करपल्याचा वास यायलाय बगा! दूध ठेवून आलाव का?"

"आगं बया!" साखराबाई वाटी तिथंच टाकून पळाल्या. नीलाबाईंनी दाराला कडी घातली, ओल्या फडक्यानं नवऱ्याचं कपाळ पुसलं आणि पुसता पुसताच सांगून टाकलं, "आवं, त्याच्यात 'ते' हाय. 'त्या'ची टरफलं."

बसलिंगप्पांचा चेहरा कपाळाहून लाल झाला. सुकन्यानं बॅग खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले.

"माझ्या घरात? माझ्या कपाळावर?" बसलिंगप्पा कडाडले. "कुठून आणली ती घाण?"

"बस स्टँडच्या मागं व्यंकटीची गाडी हाय..." सुकन्या म्हणाली.

"कोण व्यंकटी?" बसलिंगप्पांनी इतक्या झटकन विचारलं की नीलाबाईंचा फडक्याचा हात थांबला.

"आम्लेटवाला, अप्पा. लई भला माणूस. म्हणाला, ताई, टरफलाची काळजी करू नको. माझं एक पक्कं गिऱ्हाईक हाय. रोज संध्याकाळी येतंय, गाडीच्या आडोशाला पाठमोरं उभारतंय, डबल आम्लेट खातंय आन् जाताना मूठभर बडीशेप मागतंय. निम्मी टरफलं त्या एकट्याचीच."

नीलाबाईंची नजर खुंटीला टांगलेल्या सदऱ्याकडे गेली. त्याच्या खिशातून बडीशेपेची पुडी डोकावत होती. संध्याकाळच्या फेरफटक्याहून नवरा रोज बडीशेप चघळत यायचा. 'पचनाला बरी' म्हणायचा.

बसलिंगप्पांनी बायकोकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं आणि मग जमिनीवरच्या फरशा बघत बसले.

"डॉक्टर म्हणले होते," ते पुटपुटले, "अंगात प्रोटीन कमी हाय म्हणून."

"हाव," नीलाबाई म्हणाल्या.

बसलिंगप्पांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वतःच्या हातानं लेकीच्या बॅगेत ठेवला. "चल पोरी, गाडी चुकंल. स्टँडवर सोडतो तुला. शिक्षणाला शिवाशिव नसती."

बाप बदलला कसा हे सुकन्याला काही कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता.

दुपारी नांदेडहून तिचा फोन आला. परीक्षक खूश झाले होते. हाच प्रयोग आता पुढं मोठ्या प्रमाणात कर म्हणाले होते. नीलाबाईंनी आधी फळी तीनदा धुतली आणि मग देवापुढं साखर ठेवली.

संध्याकाळी बसलिंगप्पा घरातच घुटमळत राहिले. सदरा घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी नीलाबाईंनीच कापडी पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.

"जावा फेरफटक्याला. येताना टरफलं आणा, लेकीला लागतेत. आन् बडीशेप मागत बसू नका त्या माणसाला. घरात हाय."