घड्याळ दमू नये म्हणून

पंचाहत्तर किलोमीटर धावलेल्या माणसाचे घड्याळ एकसष्टाव्या किलोमीटरला बंद पडले, तर तो माणूस एकसष्ट किलोमीटरच धावला असे धरावे, असा धावपटू मंडळाचा ठराव आहे. ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. उरलेले चौदा किलोमीटर तो कसा आला, हवेतून आला की कोणी उचलून आणला, यात मंडळ पडत नाही. घड्याळातून अ‍ॅपवर जे चढेल तेवढे खरे, बाकी सगळ्या गप्पा.

हा ठराव पहिल्यांदा ज्यांना लागू झाला ते पाणीपुरवठा कार्यालयातल्या मीटर विभागाचे हेडक्लार्क. गेल्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत ते पहाटे निघाले आणि दिवस मावळता मावळता स्वतःच्या पायांनी शेवटच्या रेषेपर्यंत पोचले. घड्याळाने मात्र वाटेतच मान टाकली होती. तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव पडलं 'एकसष्ट'. मंडळातून ते कार्यालयात गेलं, कार्यालयातून गल्लीत आलं. परवा बसमध्ये मंडळातल्या एकाने लांबून हाक मारली, "अहो एकसष्ट!" तशी समोर बसलेली कॉलेजची मुलगी चटकन उठली. "बसा ना आजोबा," म्हणाली. हेडक्लार्कांचं वय सत्तेचाळीस. ते बसले नाहीत, पण गोष्ट जिव्हारी लागली.

"यंदा हे नाव पुसणार म्हणजे पुसणार," घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. "पंचाहत्तरच्या पंचाहत्तर किलोमीटरची नोंद झालीच पाहिजे."

बायको दवाखान्यात परिचारिका. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आलेली. "मग सराव वाढवा," ती म्हणाली.

"माझा कुठे प्रश्न आहे? मी आलोच होतो की शेवटपर्यंत. घड्याळ नाही आलं."

हे इतकं तर्काला धरून होतं की ती भाजी चिरायला निघून गेली.

मंडळाचे तांत्रिक सल्लागार म्हणजे उपग्रहकाका. यांचं पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही दुरुस्त करून घेणारे संपले तेव्हा काका थेट आकाशात चढले आणि उपग्रहांचे जाणकार झाले. स्वतः ते बसथांब्यापर्यंतसुद्धा धावत नाहीत. त्यांनी घड्याळ तळहातावर घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मोठा उसासा सोडला.

"फार सोसलंय हो बिचाऱ्याने."

"काय करावं लागेल?"

"यात फुकट खाणारे बसलेत. एकेकाला हाकलायचं. हा उजेड कशाला? हे मेसेज कशाला? शर्यतीत तुम्हाला कोण मेसेज करणार आहे? हा टुक आवाज, ही थरथर, सगळं बंद. आणि हे बघा, हा सगळ्यांत मोठा खादाड. हृदयाचे ठोके मोजतोय दिवसरात्र."

हेडक्लार्कांनी त्याच संध्याकाळी सगळी हकालपट्टी उरकली. बायकोने विचारलं, "काय बंद करताय एवढं?"

"हृदय."

"बंद करताय?"

"बॅटरी खातं गं फार."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. असं बोलणाऱ्या पेशंटला तिच्या दवाखान्यात सहसा वेगळ्या मजल्यावर पाठवतात.

एवढं करूनही बॅटरी शेवटपर्यंत पुरेल असा हिशेब जमेना, तेव्हा काकांनी पुढची पायरी सांगितली. घड्याळ दर सेकंदाला उपग्रहाला विचारतं, मी कुठे आहे? इतक्यांदा कशाला विचारायचं? लहान मूलही इतक्यांदा विचारत नाही. दोन-दोन मिनिटांनी विचारू दे. तसं केलं, आणि हेडक्लार्क नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून आले. अ‍ॅपवर नकाशा उघडला तर घड्याळाने दोन टिंबांमधून सरळ रेघा ओढलेल्या. नोंदीनुसार हेडक्लार्क तलावातून आरपार गेले होते, पोलीस चौकीच्या भिंतीतून आत शिरून मागच्या भिंतीतून निघाले होते, आणि प्रसूतिगृहात तर दोनदा जाऊन आले होते. दहा किलोमीटरचे सात झाले होते.

"सोपं आहे," काका म्हणाले. "घड्याळ बघेल तेव्हा तुम्ही वळणावर पाहिजे. म्हणजे रेघ बरोबर येते."

मग पंधरवडाभर लोकांनी एक वेगळंच दृश्य पाहिलं. मीटर विभागाचे हेडक्लार्क जीव खाऊन धावत नाक्यापर्यंत यायचे आणि तिथे खांबासारखे उभे राहायचे. घड्याळाने आकाशात बघून घेतलं, की पुन्हा सुसाट. एका भल्या माणसाने त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. त्यांना त्या बाजूला जायचंच नव्हतं.

मंडळाच्या चिटणीसांनी मात्र या पद्धतीला हरकत घेतली. चिटणीस निवृत्त लेखापरीक्षक. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. "माणूस प्रसूतिगृहातून जातो ही नोंद मंडळाला शोभत नाही," असा त्यांनी शेरा मारला. दर सेकंदाची विचारणा पुन्हा सुरू करावी लागली आणि बॅटरीचं दुखणं जिथल्या तिथे आलं.

तेव्हा काकांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात मूळ गोष्ट सांगितली. "बॅटरी ही माणसासारखीच. जितक्यांदा चार्ज कराल तितकी म्हातारी होते. तुम्ही सरावाला रोज घड्याळ नेता, रोज चार्ज करता. शर्यतीच्या दिवशी ती बिचारी दमलेली नसेल तर काय होईल?"

हेडक्लार्कांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी त्या दिवसापासून सराव बंद केला.

"अहो, घड्याळ ठेवा घरात आणि पळा की तसेच," बायको म्हणाली.

"घड्याळाशिवाय?" त्यांना हसूच आलं. "त्याला धावणं नाही म्हणत. लोक विचारतील, कोण मागे लागलंय?"

घड्याळ कपाटात लोकरी मोज्यात विसावलं. हेडक्लार्क सोफ्यावर विसावले. तीन महिने दोघांनी कडक विश्रांती घेतली. घड्याळाची तब्येत उत्तम राहिली. हेडक्लार्कांच्या पँटचं वरचं बटण पहिल्या महिन्यात कुरकुरलं आणि दुसऱ्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. जिना चढताना धाप लागू लागली. पण कोणी काळजीने विचारलं, "तयारी कशी काय?" तर ते छातीठोक सांगायचे, "एकदम फुल्ल."

शर्यतीच्या पहाटे काकांनी शेवटचा हात फिरवला. बाही घासून स्क्रीन उगाच जागी होऊ नये म्हणून बटणांना कुलूप लावलं. स्क्रीनकडे बघायचा मोह होऊ नये, कारण बघितलं की ती उजळते, म्हणून बायकोकडून घड्याळावर दवाखान्याचं बँडेज गुंडाळून घेतलं. शिट्टी वाजली. हेडक्लार्कांनी बँडेजवरूनच बटण दाबलं. टुक झालं नाही, थरथर झाली नाही. होणार कशी? सगळं बंदच होतं. ते समाधानाने निघाले.

पुढचं काय सांगायचं! तीन महिने सोफ्यावर बसलेला माणूस तो. विसाव्या किलोमीटरला पोटऱ्या बोलायला लागल्या, चाळिसाव्याला गुडघे, आणि पन्नासाव्याला तर सगळं अंगच एकदम बोलत होतं. वाटेत एक बेकरीवाल्या बाई भेटल्या. जाडजूड, हसऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. मनगट मोकळं.

"घड्याळ विसरलात?" हेडक्लार्कांनी धापा टाकत विचारलं.

"नाहीच आहे. दमले की चालते, दम आला की पळते. तुमच्या हाताला काय लागलंय?"

"लागलं नाही. घड्याळ आहे."

"अगंबाई! त्याला काय लागलं?"

बाईंनी त्यांना सोडलं नाही. ते बसायला लागले की म्हणायच्या, "उठा, बसलात की संपलं." ते रडकुंडीला आले की आपल्या नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी सांगायच्या. असं करत रस्त्याच्या कडेला एकसष्टची पाटी आली. हेडक्लार्क त्या पाटीसमोर थांबले. तिला हात लावला. मग एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक टाकलं, आणि सत्तेचाळीस वर्षांचा तो सरकारी माणूस रस्त्याच्या मधोमध हमसाहमशी रडला. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

शेवटची रेषा त्यांनी जवळजवळ रांगत ओलांडली. आयोजकांनी गळ्यात पदक घातलं. बायकोने धरून खुर्चीत बसवलं आणि डोळे पुसत पुसत त्यांना रागवायला सुरुवात केली. पण त्यांचं लक्ष मनगटाकडे. काकांनी बँडेज सोडलं, कुलूप काढलं, स्क्रीन उजळली.

"नव्व्याण्णव!" काका ओरडले. "नव्व्याण्णव टक्के शिल्लक!"

मंडळाची माणसं धावत आली. टाळ्या पडल्या. दिवसभराच्या शर्यतीत फक्त एक टक्का! असं आजवर कोणाचं घड्याळ टिकलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कोणीतरी घड्याळाचा फोटो काढला, कोणीतरी घड्याळासोबत काढला. पाच मिनिटं असा जल्लोष चालला, आणि मग चिटणीसांनी चष्मा नाकावर ओढत विचारलं, "अंतर किती दाखवतंय?"

अंतर शून्य दाखवत होतं. बटणाला कुलूप असताना दाबलेलं बटण लागत नाही, हे काकांना माहीत होतं. हेडक्लार्कांना माहीत आहे असं ते समजून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची सभा झाली. हेडक्लार्कांनी पदक टेबलावर ठेवलं. "पदक भंगाराच्या दुकानातही मिळतं," चिटणीस शांतपणे म्हणाले. बायको उभी राहिली. "मी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना येताना."

"ताई, तुमच्या डोळ्यांवर मंडळाचा पूर्ण विश्वास आहे. पण डोळ्यांतून फाइल निघत नाही."

मग साक्षीला बोलावलेल्या बेकरीवाल्या बाई उठल्या. "माझ्यासोबत होते की हे! पन्नासपासून शेवटपर्यंत."

"तुमची नोंद कुठे आहे?"

"माझी? माझ्याकडे घड्याळच नाही."

"म्हणजे आपण स्वतः धावलेल्या नाहीत," चिटणीस म्हणाले. "जी व्यक्ती शर्यतीत नव्हती, तिची साक्ष कशी धरायची?"

बाई खाली बसल्या. चिटणीस मनाने वाईट नव्हते. त्यांनी तोडगाही काढला. "एवढ्या वर्षांच्या सभासदावर अन्याय नको. पाण्याचं मीटर बंद पडलं तर तुमचं कार्यालय काय करतं?"

"मागच्या तीन महिन्यांची सरासरी धरतं," हेडक्लार्क सवयीने बोलून गेले.

"योग्य पद्धत आहे. तीच लावू." चिटणीसांनी मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी उघडल्या. घड्याळ मोज्यात होतं, त्यामुळे नोंदी कोऱ्या होत्या. तरी त्यांनी शून्याला तीनने भागून पाहिलं. कामात कसूर नको म्हणून पुन्हा एकदा भागलं.

हेडक्लार्क हात जोडून उभे राहिले. "साहेब, निदान एकसष्ट तरी राहू द्या."

"ते गेल्या वर्षीचं," चिटणीस म्हणाले आणि सभा संपली.

घरी आल्यावर हेडक्लार्कांनी घड्याळातलं सगळं पुन्हा चालू करून टाकलं. उजेड, आवाज, थरथर, हृदय. आता वाचवायचं कशासाठी? मग बायकोने पायांच्या फोडांना मलम लावलं, आणि ते आडवे झाले ते उजाडेपर्यंत त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. इतकं घोरले की शेजाऱ्यांनी भिंत वाजवली.

सकाळी बायकोने खिडकी उघडली आणि मायेने विचारलं, "लागली का झोप नीट?"

डोळे टवटवीत होते, अंग हलकं होतं, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला होता. हेडक्लार्कांनी तोंड उघडलं, मग थांबले आणि मनगट वर करून पाहिलं. घड्याळाने लिहिलं होतं: झोप अपुरी, आज श्रम टाळा. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एक मोठी जांभई दिली.

"नाही गं," ते म्हणाले, "डोळ्याला डोळा नाही लागला." आणि त्यांनी कार्यालयात फोन करून रजा टाकली.

हसा, हसा, मीही हसलो. फक्त हसून झालं की एवढं आठवून बघा. आज सकाळी घरच्या माणसाने तुम्हाला "झोप झाली का?" असं विचारलं, तेव्हा उत्तर देण्याआधी तुम्ही कुठे बघितलंत?