फॉर्म लॅन्सीचा, वर्ग ब्रेंडाचा

वर्गात पहिला नंबर आपलाच, हे लॅन्सीने फॉर्म भरायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीत कुणीही रिटायर झालं की निरोपाचं भाषण लॅन्सीचं, चर्चच्या अंकात श्रद्धांजली लॅन्सीची. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी बीए करायला घेतलं, तेव्हा निबंधलेखनाचा ऑनलाइन पेपर त्याला डाव्या हातचा मळ वाटला.

"मॅडमच माझ्याकडून शिकतील," तो बायकोला म्हणाला.

"आधी नारळ फोडून दे," ब्रेंडा म्हणाली.

अडचण एकच होती. टिटवाळ्याचं घर वन रूम किचन. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अकराला वर्ग, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या पाठीमागे ब्रेंडा बोंबील साफ करायला बसायची.

पहिला विषय 'माझ्या घराची खिडकी'. लॅन्सीने घसा खाकरून वाचलं, "पाखरांच्या मंजुळ किलबिलाटाने माझी खिडकी जागी होते..."

"कुठली पाखरं रे?" मागून ब्रेंडा. "समोरच्या बिल्डिंगचा पाइप दिसतो आपल्याला. खिडकी धड लागत नाही म्हणून तू माझी जुनी चप्पल खुपसून ठेवलीयस. ते लिही ना."

माइक चालू होता. स्क्रीनवरच्या चाळीस चौकोनांत चाळीस माणसं हसली. रचना मॅडम तर खूश. "याला म्हणतात लेखन! कोण बोललं ते?"

झालं! पुढच्या रविवारी हजेरी घ्यायच्या आधीच मॅडमनी विचारलं, "वहिनी आहेत ना?" वहिनी हात धुऊन आल्या. नंदा नावाच्या विद्यार्थिनीने सासऱ्यांवर लिहिलं होतं, की ते घराचा वटवृक्ष होते. ब्रेंडाने विचारलं, "पण ते चहा कशातून प्यायचे?" नंदा सांगायला लागली ती थांबेचना. कान तुटलेला कप, बशीत ओतलेला चहा, अर्धा नातवाला. निम्मा वर्ग रडला. आपल्या इतक्या श्रद्धांजल्यांवर कुणी साधं नाकसुद्धा ओढलं नव्हतं, हे आठवून लॅन्सीचा नुसता जळफळाट झाला. फॉर्म कुणी भरला? त्याने. बीए कोण करतंय? तो.

तिसऱ्या रविवारी त्याने बायकोला गोड बोलून कल्याणला पिटाळलं. "स्वीडल एकटी आहे बिचारी, बहिणीला भेटून ये की." वर्गात मॅडमचा चेहरा पडला. "वहिनी नाहीत? बरं, मग आज लवकर आटपू." तेवढ्यात एक नवा चौकोन उघडला. आत ब्रेंडा.

"नंदाने लिंक पाठवली," ती म्हणाली. "लॅन्सी, वरचं बटण लाव शर्टाचं."

चौथ्या रविवारी तो मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेला, कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसला. तिथेही चाळीस जणांनी वहिनींचीच चौकशी केली.

शेवटचा निबंध वीस मार्कांचा होता. विषय, 'मला छळणारी एक भावना'. ब्रेंडा बाजारात गेल्याचं बघून लॅन्सी बसला आणि एका दमात लिहून मोकळा झाला. पाखरं नाहीत, वटवृक्ष नाही. बादली लिहिली, कडी लिहिली, बायको बोलायला लागली की आपण तिच्याकडे न बघता नखं कुरतडतो ते लिहिलं. कुणालाही न दाखवता पाठवून दिलं.

रविवारी मॅडमनी तो निबंध अख्खा वाचून दाखवला. वीसपैकी अठरा! लॅन्सीची छाती फुगली. आभाराचे दोन शब्द तयार ठेवून त्याने माइक चालू केला.

"लॅन्सी, वहिनींना सांगा," मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याच्या मनातलं इतकं नेमकं फक्त बायकोच लिहू जाणे."

ब्रेंडा बोंबील टाकून पुढे आली. "मॅडम, देवाशप्पथ, मी नाही. त्यानेच लिहिलंय."

मॅडमना गहिवरून आलं. "बघा, केवढं मोठं मन!"

चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. लॅन्सीनेही वाजवल्या. करतो काय, कॅमेरा चालू होता.